रेवेची गाणी आणि करोलबागेतील तालीमघर

दिल्लीला स्वतःचे गाणे नाही, असे आपल्या मंडळींत सर्रास म्हटले जाते. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. निजामुद्दीनच्या दर्ग्यातील कव्वाली शतकानुशतके चालत आली आहे. आणि पंडित लखमीचंदांच्या (१९०३–१९४५) रागिण्यांचा मुलूख तर आमच्या गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींच्या पायथ्याशी येऊन भिडलेला आहे. तथापि १९११ नंतर आखलेल्या आणि १९४७ नंतर अफाट वाढलेल्या दिल्लीपुरते बोलावयाचे, तर त्या म्हणण्यात तथ्य आहे. या दिल्लीत माणसे बाहेरून आली आणि त्यांची गाणी त्यांच्या मागोमाग आली. कित्येकांची वाटेतच गळून पडली. अशा शहरात जन्मलेल्या एका वाद्यवृंदाची गीतसूची कालानुक्रमे चाळावी, तिच्यातील गाजलेले गाणे क्षणभर बाजूस सारावे आणि मागे राहिलेली गाणी कोठून आली ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्या शोधात आपण शेवटी नंदुरबार जिल्ह्यात जाऊन पोहोचतो, म्हणून तो मराठी वाचकापुढे ठेवण्यासारखा वाटला.

हा वाद्यवृंद म्हणजे ‘इंडियन ओशन’. ‘बँड’ हा शब्द आपल्याकडे वरातीपुढे वाजणाऱ्या ताफ्याला इतका चिकटला आहे की तो येथे योजताना थोडा संकोच होतो. म्हणून वृंद म्हटलेलेच बरे. गिटारवादक सुस्मित सेन आणि तबला व गळा दोन्ही सांभाळणारे असीम चक्रवर्ती यांची गाठ १९८४च्या सुमारास पडली आणि १९९० मध्ये वृंद उभा राहिला. १९९१ मध्ये राहुल राम बेस गिटार घेऊन त्यात आले, १९९४ मध्ये अमित किलम ड्रम घेऊन आले, आणि पुढे पंधरा वर्षे हे चौघे एकत्र राहिले. पाश्चात्त्य रॉक संगीताचा सांगाडा त्यांनी घेतला खरा, परंतु त्यात भरलेला ऐवज निराळाच होता. सेन यांच्या गिटारीच्या तारा सरोदाच्या वळणाने बोलत. चक्रवर्ती बैठक मारून तबला वाजविता वाजविता गात. किलम यांच्या हाती ड्रमच्या जोडीला बाउलांची गबगुबीही असे.

१९९३ ते २०२३ या तीस वर्षांत वृंदाचे, एका चित्रपटाचा धरून, आठच प्रमुख संग्रह निघाले. ‘इंडियन ओशन’ (१९९३), ‘डेझर्ट रेन’ (१९९७), ‘कंदिसा’ (२०००), ‘झीनी’ (२००३), ‘ब्लॅक फ्रायडे’ (२००५), ‘१६/३३० खजूर रोड’ (२०१०), ‘तांडानू’ (२०१४) आणि ‘तू है’ (२०२३). एका संग्रहात सहा-सात चिजा, असा सर्वसाधारण बेत. हिंदी चित्रपटांच्या बाजारात एखादा संगीतकार एवढे काम दोन वर्षांत उरकतो. गाणे महिनोन्‌महिने मंचावर घासून घ्यावयाचे आणि मगच ते मुद्रित करावयाचे, ही या मंडळींची रीत. तिच्यामुळे सूची लहान राहिली.

या सूचीतले सर्वांत प्रसिद्ध गाणे ‘बंदे’. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या स्फोटांवर अनुराग कश्यप यांनी काढलेल्या ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटासाठी ते केले गेले. शब्द पीयूष मिश्रा यांचे. चित्रपट न्यायालयात अडकला आणि ९ फेब्रुवारी २००७ रोजी पडद्यावर आला. गाणे तोवर घरोघर पोहोचले होते. पण त्याच मुद्रिकेवर शब्दांवाचून वाजणारे आणखी कितीतरी तुकडे आहेत आणि त्यांची नावे पाहिली तर एखाद्या पंचनाम्यातील कलमे वाचल्यासारखे वाटते: ‘आरडीएक्स’, ‘मेमन हाउस’, ‘बॉम्ब प्लँटिंग’, ‘ट्रेनिंग’. ‘बंदे’ गुणगुणणाऱ्यांपैकी फारच थोडे त्यांच्यापर्यंत जातात. मोठ्या गाण्याची सावली अशी लांबवर पडते. या लेखापुरते आपण तिच्या पलीकडे जाऊ.

पहिल्या दोन संग्रहांत राज्य वाद्यांचे आहे. शब्दांना तेथे दुय्यम स्थान. ‘व्हिलेज डॅम्सेल’, ‘मेलँकॉलिक एक्स्टसी’, ‘गोइंग टू आयटीओ’ या नावांवरूनच तो शहरी, सुशिक्षित, थोडासा खेळकर काळ ध्यानात येतो. शेवटच्या नावातील आयटीओ म्हणजे दिल्लीचा तो प्राप्तिकर कार्यालयाचा गजबजलेला चौक. ‘बोल वीव्हिल’ हे नाव मात्र थबकविते. बोल वीव्हिल हा कापसाच्या बोंडातला किडा. १८९२च्या सुमारास तो मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरला आणि पुढील तीस वर्षांत त्याने अमेरिकेच्या दक्षिणेतील कापूस पोखरून काढला. तेथील कृष्णवर्णीय शेतमजुरांनी त्याच्यावर गाणी रचली. ज्यांच्या हाती जमीन नाही त्यांनी जमिनीच्या नाशावर रचलेली ती गाणी होत. बोंडअळीने गांजलेल्या वऱ्हाडातल्या वाचकाला ही कथा परकी वाटू नये.

‘डेझर्ट रेन’चा जन्मही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. हा संग्रह मुद्रणशाळेत झालेला नाही. १ जानेवारी १९९७ रोजी मंडी हाउसच्या परिसरात ‘सहमत’ या संस्थेने सफदर हाशमी यांच्या स्मरणार्थ केलेल्या कार्यक्रमात वृंदाने जे वाजविले, तेच मुद्रित होऊन पुढे विक्रीस आले. हाशमी यांच्यावर १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळच्या झंडापूर गावात पथनाट्य चालू असताना प्राणघातक हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस, २९ तारखेस, जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गोरख पांडे या हिंदी-भोजपुरी कवीने आपले जीवन संपविले. त्यांचे ‘हिलेले’ हे गीत अकरा वर्षांनी याच वृंदाच्या ‘कंदिसा’ संग्रहात आले. एका जानेवारीत दिल्लीने गमावलेली दोन माणसे अशा रीतीने एकाच सूचीत शेजारी येऊन बसली. हे कोणी योजून केले असे मला म्हणावयाचे नाही. परंतु सूची कालानुक्रमे वाचली की असे शेजार दिसू लागतात.

‘कंदिसा’पासून शब्दांना पुढची जागा मिळाली, आणि ते शब्द घरचे नव्हते. शीर्षकगीत आहे केरळातील सिरियन ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेतले; भाषा सिरियाक, म्हणजे येशूच्या बोलीच्या कुळातली. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली राचोल येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त परदेशी धर्मकथा मराठी ओवीच्या पात्रात ओतली होती. येथे नेमके उलट झाले: प्रार्थनेचे शब्द प्राचीन आणि परके तसेच ठेवले, आणि पात्र तेवढे बदलले. अर्थ न कळताही हजारो श्रोते ते ऐकत बसतात. त्यात संगीताचे सामर्थ्य किती आणि श्रोत्यांचा आळस किती, याचा निवाडा कोणी करावा?

याच संग्रहात ‘मा रेवा’ आहे, आणि आपल्या दृष्टीने सर्व सूचीचे मर्म त्यात आहे. हे नर्मदाकाठच्या भजनपरंपरेतले गीत; नदीची स्तुती, साधी, घोळून घोळून म्हणावयाची. ते दिल्लीत आले राहुल राम यांच्यामुळे. दिल्ली विद्यापीठातील नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ एच. वाय. मोहन राम यांचे हे चिरंजीव. कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणीय विषशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळविली, आणि मायदेशी आल्यावर १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात ते नर्मदा बचाव आंदोलनात वावरले. तो काळ कसा होता, ते तारखांतच सांगावे. १९९०च्या डिसेंबरात बडवानीजवळच्या राजघाटावरून निघालेली संघर्षयात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला अडविली गेली. जून १९९२ मध्ये जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा प्रतिकूल अहवाल आला. मार्च १९९३ मध्ये भारताने बँकेचे उरलेले कर्ज सोडून दिले. आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पाणी मणिबेलीच्या घरांना लागले.

मणिबेली हे गाव अक्कलकुवा तालुक्यातले. त्या वेळी ते धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी निराळा झाला. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्राची अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतील तेहतीस गावे येतात, आणि नदीच्या वरच्या अंगास जाताना पहिले लागते ते मणिबेली. जून १९९४ मध्ये मोठ्या धरणांना बँकेने पैसा पुरवू नये म्हणून जगभरच्या संघटनांनी जे जाहीरनामापत्र काढले, त्याला या गावाचे नाव दिले गेले. परदेशातील वाचनालयांत मणिबेली सापडते. आपल्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकले असेल, अशी शंका मनात येते.

येथे जरा विषयांतर करतो. पुढील मुद्द्याला त्याची गरज आहे. मराठी वाचकाला नर्मदा अपरिचित नाही. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’पर्यंत परिक्रमेचे साहित्य आपण आवडीने वाचतो. पण ही नर्मदा परिक्रमावासीयाची आहे. तिच्यात आश्रम आहेत, सदावर्ते आहेत, साधू आहेत. आणि शूलपाणीच्या झाडीत यात्रेकरूचे कपडेसुद्धा काढून घेणारा भिल्ल आहे. तो येतो, लुटतो आणि झाडीत नाहीसा होतो. त्याचे घर, त्याचे पीक, त्याची नदी, त्याचे गाणे या साहित्यात क्वचितच दिसते. वास्तविक त्या काठाच्या भिलाल, पावरा, तडवी लोकांची नर्मदेची स्वतःची कथा आहे. ‘गायणा’ या नावाने रात्र रात्र म्हटल्या जाणाऱ्या त्यांच्या आख्यानात सृष्टीची उत्पत्ती आणि नदीचा प्रवास येतो. त्याचा परिचय विद्वज्जगाला करून दिला तो दिल्लीच्याच एका मराठी घरातल्या समाजशास्त्रज्ञेने. सहकारी साखर कारखानदारीचे अभ्यासक बी. एस. बाविस्कर यांच्या कन्या अमिता बाविस्कर अलिराजपूरकडच्या एका नदीकाठच्या गावी राहिल्या आणि १९९५ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथ इंग्रजीत आहे. आपली परिक्रमावर्णने मराठीत आहेत. त्यामुळे लुटणारा भिल्ल आपल्याला माहीत झाला आणि गाणारा भिल्ल माहीत झाला नाही.

आता ‘तांडानू’तील ‘चीतू’ हे गाणे घ्या. त्याची भाषा भिलाली. विषय चीतू नावाचा आदिवासी बंडखोर. अलिराजपूरच्या मुलखात १८८३ साली छितू किराड याने इंग्रजांच्या छत्राखालील संस्थानी अंमलाविरुद्ध उठाव केला होता. त्या उठावाला इतिहासाच्या शालेय पुस्तकांत ओळभर जागा मिळण्याची मारामार. सव्वाशे वर्षांनंतर त्या नावाचा घोष दिल्लीच्या रंगमंचावर, ड्रमच्या ठोक्यावर होतो, आणि पुढे बसलेली महाविद्यालयीन मुले टाळ्यांनी ताल धरतात. या दृश्यात काही सुखावणारे आहे, तसेच काही खटकणारेही आहे.

खटकणारे काय, ते स्पष्ट केले पाहिजे. ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायात अशा गाण्यांच्या नावापुढे ‘पारंपरिक’ एवढा एकच शब्द छापण्याची चाल आहे. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच. ज्या गाण्याचा कर्ता ज्ञात नाही त्याला धनीही नाही, आणि ज्याने त्याला नवा साज चढविला त्याचा हक्क त्या साजावर. पण इतिहासाच्या दृष्टीने ‘पारंपरिक’ हा शब्द म्हणजे मिटलेले दार आहे. गाणे परंपरेकडून कोणीही शिकत नाही. ते एका माणसाकडून शिकतो. कोणीतरी शेकोटीपाशी, मोर्च्यात किंवा ओसरीवर ते म्हटले, कोणीतरी ते ऐकले. त्या म्हणणाऱ्याला नाव होते, गाव होते. नदीकाठचे गाव पाण्याखाली गेले की त्या दोहोंपैकी एक गोष्ट तर कायमची हातची जाते.

असे करण्यावाचून गत्यंतर नाही, असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी मावळातील आणि अन्य भागांतील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. ओवी तर गाण्यांत सर्वांत ‘पारंपरिक’. तरीही त्यांनी ओवीपुढे ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव लिहून ठेवले. त्यामुळे आज त्या संग्रहात केवळ काव्य नाही, माणसेही आहेत. एका वाद्यवृंदाकडून लोकसाहित्याच्या अभ्यासकाची शिस्त मागणे अन्यायाचे होईल, हे मला मान्य आहे. त्यांचे काम गाण्याचे. मात्र त्यांच्या सूचीवर पुढे जो कोणी लिहील, त्याने ‘पारंपरिक’ या शब्दापाशी थांबून चालणार नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गाणे बदलून घेणे म्हणजे ते बिघडविणे, असे मानणाऱ्यांनी देवासकडे पाहावे. बेळगावकडील कुमार गंधर्व १९४८ साली आजारपणात माळव्यात आले, आणि खिडकीवरून जाणाऱ्या बायकांच्या गाण्यांनी त्यांच्या गायकीला नवे वळण दिले. माळवी लोकधुनांतून त्यांनी राग घडविले. कबीराला तर त्यांनी असे काही गायिले की पुढच्या पिढीला त्या वाटेवर पाऊल टाकताना बिचकावे लागले. याच कबीराच्या एका पदावरून आपल्या वृंदाच्या २००३च्या संग्रहाला ‘झीनी’ हे नाव आले. कुमारांच्या कबीरानंतर या ‘झीनी’ची तुलना करण्याचा मोह टाळावा हेच बरे; ती दोघांनाही न्याय देणार नाही. सांगावयाचे एवढेच की उसने गाणे ज्याच्या गळ्यात खरोखर मुरते, त्याला आपण उसनवारीचा दोष देत नाही. ‘मा रेवा’ मुरलेले आहे. ‘चीतू’बद्दल मला तितकी खात्री वाटत नाही, तेथे वाद्यांचा उत्साह शब्दांना थोडा मागे ढकलतो.

‘कंदिसा’ निघाला तो २००० साली. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने धरणाचे काम पुढे नेण्यास अनुमती दिली. म्हणजे रेवेचे स्तुतिगीत दिल्लीच्या दुकानांत विकले जात असताना रेवेचा निकालही दिल्लीतच लागला. धरणाने सौराष्ट्र-कच्छच्या तहानलेल्या भागास पाणी दिले हे नाकारण्यात अर्थ नाही. उंची १३८.६८ मीटर झाली, १७ सप्टेंबर २०१७ रोजी राष्ट्रार्पण झाले, आणि १५ सप्टेंबर २०१९ रोजी जलाशय प्रथमच काठोकाठ भरला. गाण्यात जी नदी वाहते आहे, ती त्या पट्ट्यात आता वाहत नाही. तेथे तळे आहे.

ही गाणी जेथे घोटली गेली त्या जागेविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. १६/३३०, खजूर रोड, करोलबाग हा एका जुन्या बंगल्याचा पत्ता. वृंदाचे तालीमघर तेथे होते. करोलबाग ही मुळात विस्थापितांची वस्ती. कॅनॉट प्लेस उभारताना माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार या गावांतून उठविलेल्या लोकांना १९२०च्या दशकात येथे आणून बसविले. १९४७ नंतर पंजाब-सिंधचे निर्वासित आले. त्यांच्यामागून पोटासाठी आलेले इतर अनेक. तेथल्या सराफी गल्ल्यांतून सोने गाळणारे आपले खानापूर-आटपाडीकडचे गलाई बांधवही आहेत. एकदा उठविलेल्यांच्या वस्तीत पुन्हा उठविल्या जाणाऱ्यांचे गाणे बसविले जात होते, आणि खालच्या रस्त्यावर लग्नाच्या साड्यांची खरेदी चालली होती.

या पत्त्याचेच नाव वृंदाने २०१०च्या संग्रहाला दिले. त्याची विक्री केली नाही. जुलैपासून दर महिन्याला एक याप्रमाणे गाणी विनामूल्य वाटून टाकली. पहिल्या संग्रहाच्या वेळी एका बलाढ्य कंपनीच्या कॅसेटवाचून श्रोत्यापर्यंत जाण्याचा मार्ग नव्हता, आणि सतरा वर्षांत ही पाळी आली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये दिल्लीची मेट्रो आमच्या गावापर्यंत आली. राजीव चौकात गाडी बदलली की करोलबाग फार दूर राहत नाही. तेव्हा ‘गुडगाव’ असलेल्या या गावाचे सरकारी नाव २०१६ मध्ये गुरुग्राम झाले.

मात्र त्या संग्रहात ज्यांचा आवाज आहे ते असीम चक्रवर्ती तो प्रसिद्ध होण्यापूर्वीच, २५ डिसेंबर २००९ रोजी, हृदयविकाराने गेले होते. २०१३ मध्ये सुस्मित सेन वृंदातून बाहेर पडले. जयदीप वर्मा यांनी या चौघांवर केलेला अनुबोधपट ‘लीव्हिंग होम’ हा त्यांच्याच एका कमी ऐकल्या जाणाऱ्या रचनेचे नाव घेऊन आला आहे. घर सोडण्याचा विषय या सूचीची पाठ काही सोडीत नाही. आज गळा हिमांशु जोशी यांचा, तबला तुहीन चक्रवर्ती यांचा, गिटार निखिल राव यांची. राम आणि किलम तेवढे जुने. ‘मा रेवा’ अजूनही मंचावर होते. ज्यांनी ते प्रथम बसविले त्यांतील निम्मे आता नाहीत, आणि नवे गायक ते जुन्या मुद्रणावरून व सहकाऱ्यांकडून शिकले आहेत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत तालकटोरा स्टेडियममध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्षपदी तारा भवाळकर होत्या. दिल्लीला मराठी संमेलनाचा मान १९५४ नंतर प्रथमच मिळाला, आणि तोही लोकसाहित्याच्या अभ्यासिकेच्या अध्यक्षतेखाली, याचा येथल्या मराठी मंडळींना आनंद झाला तो योग्यच होता. त्या आनंदातून काही काम निघावे अशी इच्छा आहे, आणि काम समोर आहे. महाराष्ट्राच्या बुडीत गावांतून उठलेल्या कुटुंबांपैकी पुष्कळांना तळोदा तालुक्यात, सातपुड्याच्या दक्षिण अंगास, तापीच्या खोऱ्यात जमिनी दिल्या गेल्या. तेथील वसाहतींत सरदारनगर आहे, नर्मदानगर आहे. एकीचे नाव रेवानगर आहे. काठावर लहानाचे मोठे झालेले लोक तेथे अजून आहेत. त्यांची गाणी पावरीत आहेत, भिलोरीत आहेत, आणि ती म्हणणाऱ्यांची नावे अजून विचारता येतात.